मागचे दोन पाय

सोलापुरात कुत्र्याचा व्यायाम बघायचा असेल तर हिवाळ्यात सकाळी होटगी रोडला जाऊन उभं राहावं. एका हातात स्कूटीचं हँडल, दुसऱ्या हातात साखळी आणि बाजूनं जीभ लोंबवत पळणारं कुत्रं. मालक कानाला मफलर बांधून आरामात बसलेला. घरी आल्यावर कुत्रं फरशीवर आडवं होतं आणि मालक शेजाऱ्याला सांगतो, "आज लई पळवलो बघा, आता दिवसभर गप पडतंय." कुत्रं गप पडलं की व्यायाम झाला, असा हिशेब. लहान मुलांच्या बाबतीतही आपल्याकडे साधारण हाच हिशेब असतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

गाडीच्या बाजूनं पळवण्यात धोका किती, हे सांगायला नकोच. माझा आक्षेप जरा निराळा आहे. पळणं कुत्र्याला येतंच, ते कुणी शिकवावं लागत नाही. डांबरावर, एकाच दिशेनं, गाडीच्या वेगानं पळून त्याचा दम वाढेल; पण म्हातारपणी ज्या स्नायूंच्या जोरावर त्याला फरशीवरून उठायचंय, त्यांच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं. ते स्नायू संथ कामानं घडतात. चारही पायांवर सारखा भार देऊन उभं राहणं, एक पाऊल मागं घेणं, पाय उचलून नेमक्या जागी ठेवणं. बघणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही, म्हणून हे कुणी करत नाही.

आमची हरणी नऊ वर्षांची आहे. मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळाकडून पिल्लू असताना आलेली. अंगकाठी कारवानी, म्हणजे आपल्या देशी शिकारी कुत्र्यांची; कागदपत्रं शून्य. लांब निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट, खोल छाती आणि मांड्या अशा की बघत राहावं. म्हणजे होत्या. आपल्याकडे धनगरवाड्यांवर आणि शेतवस्त्यांवर ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ससे पळवत आलीत. पलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावानं जी जात ओळखली जाते ती हीच, किंवा हिची सख्खी बहीण म्हणा. मुधोळच्या घोरपडे राजांनी तिला जपलं, वाढवलं. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात रामपूर आणि राजापलयमच्या जोडीला मुधोळही होतं. आमच्या आईला हे सांगितल्यावर ती हरणीला म्हणाली, "तिकिटावर बसणारी जात तुझी, आणि तू माझ्या गादीवर बसतेस."

ही कुत्री सुसाट सुटली की एकेका झेपेत दोनदा चारही पाय जमीन सोडतात. एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्या वेगाला सगळा रेटा मिळतो तो पुठ्ठ्यांतून आणि मांड्यांतून. इतकी ताकद मागं असूनही, साधं उभं असताना मात्र कुत्र्याच्या वजनातलं साधारण ६० टक्के पुढच्या दोन पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या. डोकं, मान, छाती सगळं पुढंच. आणि पुढच्या पायांची बांधणीही मजेशीर. माणसाचा खांदा गळ्याच्या हाडानं छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला असतो. कुत्र्यात ते हाड नावालाच उरलंय. त्याचे पुढचे पाय धडाला धरून ठेवलेत ते निव्वळ स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी. अख्खी छाती त्या झोळीत टांगलेली असते. मागं खुब्याचा सांधा आहे, हाडात हाड बसलेलं. वय वाढलं, मागं काही दुखायला लागलं, की कुत्रं कुणाला न सांगता वजन आणखी पुढं सरकवतं. पुढचे पाय बिचारे सोसतात. मागच्यांना काम कमी पडतं, काम कमी म्हणून मांडी वाळते, मांडी वाळली म्हणून वजन आणखी पुढं.

आम्ही आधी कसब्यात राहायचो, तिथं घरभर शहाबादी फरशी. खरबरीत, काळपट, उन्हाळ्यात गार. हरणी तिथं अंगणातून माजघरात कोपरा न चुकवता वळायची. मग जुळे सोलापूरला फ्लॅट घेतला, आणि फ्लॅटात आली ती पांढरी, चकचकीत, आरसा दाखवणारी टाइल. पाहुणे आले की फरशीचं कौतुक करतात. कुत्र्याच्या दृष्टीनं तिच्याइतकी वाईट जमीन दुसरी नसेल. कुत्रं आपल्यासारखं टाच टेकवून चालत नाही, बोटांवर चालतं. पंज्याच्या गाद्या आणि नखं एवढीच त्याची पकड. त्यात नखं वाढलेली असली की गाद्या नीट टेकत नाहीत आणि पाय मागच्या मागं घसरतो.

घसरणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांचं मत एकच, वय झालं. जिना चढताना ती मागचे दोन्ही पाय जोडीनं उचलायला लागली होती, सशासारखे. दिवाणावर चढताना पुढचे पंजे वर ठेवून विचार करत उभी राहायची. पण मला खटकलं ते तिचं मागच्या पायाचं नख. मधल्या दोन बोटांची नखं पुढच्या बाजूनं घासून सपाट झाली होती. पाय पूर्ण उचलला जात नव्हता, चालताना जमिनीला घासत होता.

डॉक्टरांनी तपासताना एक गोष्ट केली ती मी विसरणार नाही. तिला उभं धरून मागचा एक पंजा हळूच उलटा केला, म्हणजे बोटांची वरची बाजू जमिनीला टेकवली, आणि हात काढून घेतला. निरोगी कुत्रं पाय तत्काळ सरळ करतं, त्याला उलटा पंजा सहनच होत नाही. पाय कुठं आहे, कसा पडलाय, हे न बघता कळण्याचीच ती परीक्षा. मज्जारज्जूत बिघाड असेल तर पंजा तसाच उलटा राहतो. हरणीनं उजवा लगेच सरळ केला, डावाही केला, पण जराशा सवडीनं. मग खुबे ताणून बघितले, गुडघे बघितले, कंबर दाबून बघितली, एक्सरे काढला. डाव्या खुब्यात झीज होती, मज्जारज्जूचं काही दिसत नव्हतं. गोळ्या दिल्या, वजन दोन किलो उतरवायला सांगितलं आणि म्हणाले, "हिला आता पळवायचं नाही. हिला उभं राहायला शिकवायचं."

हे ऐकून माणूस थोडा हिरमुसतो. औषधाचा खर्च एकवेळ समजतो, पण उभं राहायला शिकवायचं म्हणजे काय? इथं एवढं नक्की सांगते की लंगडणारं, घसरणारं, जिना टाळणारं कुत्रं आधी डॉक्टरांना दाखवावं आणि मगच व्यायामाच्या भानगडीत पडावं. गुडघ्याचा स्नायुबंध तुटलेला असेल किंवा मणका दाबला जात असेल, तर मोबाइलवर बघून केलेला व्यायाम जनावराला आणखी खड्ड्यात घालतो. कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत असतात. शेपूट हलतेय म्हणजे बरं आहे, यावर विसंबू नये.

कुत्र्यांच्या फिजिओथेरपीला आपल्याकडे अजून लोक हसतात. अमेरिकेत जनावरांच्या क्रीडावैद्यक आणि पुनर्वसनाला २०१० मध्ये स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. तिकडे पाण्याखाली चालणारे ट्रेडमिल आहेत, हवेनं फुगवायचे शेंगेच्या आकाराचे गोळे आहेत, डुगडुगणाऱ्या फळ्या आहेत. ऑनलाइन यातलं बरंच काही मिळतं आणि किमती बघून घाम फुटतो. मला विचाराल तर पहिले कित्येक आठवडे यातलं काहीही लागत नाही. उलट डुगडुगत्या वस्तूवर कुत्र्याला आधी चढवलं, तर ते तोल शिकण्याऐवजी पाठ ताठ करून कसंबसं टिकून राहायला शिकतं. फोटो मात्र छान येतो. आधी स्थिर जमिनीवर नीट उभं राहता यावं, मग पुढचं.

आम्ही सुरुवात केली ती घरभर पट्ट्या टाकून. जुन्या योगा मॅट कापल्या आणि पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत, दारापासून तिच्या अंथरुणापर्यंत रस्ता केला. सोलापुरात राहून पहिला विचार चादरींचाच आला होता, घरात कमी का आहेत! पण चादर टाइलवर कुत्र्यासकट सरकते. खाली रबराची जाळी लागते. नखं कापली. पंज्याच्या गाद्यांमधले वाढलेले केसही कापले, ते घसरण्याचं मोठं कारण असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एवढ्यानंच तिची चाल थोडी मोकळी झाली, आणि व्यायाम तर अजून सुरूही झाला नव्हता.

पहिला धडा म्हणजे चौरस उभं राहणं. चार पाय टेबलाच्या चार पायांसारखे सरळ खाली, पाठ सपाट, मान पाठीच्या रेषेत. तोंडासमोर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा धरायचा, फार वर नाही, कारण डोकं वर गेलं की कंबर खाली जाते. पाच सेकंद, दहा सेकंद. मी जमिनीवर बसून तिच्या मागच्या पायांकडं बघत राहायचे. आधी डावा पाय हळूच बाहेर पडायचा, मग पंज्याची बोटं फाकायची, मग मांडीच्या आतल्या बाजूला बारीक थरथर उठायची. पळताना जी मांडी कधी थकली नव्हती ती नुसतं उभं राहून थकत होती. थरथर वाढली की थांबायचं. ओठ चाटले, जांभई दिली, मान फिरवली, तरी थांबायचं. ते नखरे नसतात, तिच्याकडून तेवढंच जमणार असतं.

मग भार सरकवणं. ती नीट उभी असताना तिच्या पुठ्ठ्यावर बोटांनी अगदी हलका दाब द्यायचा, डावीकडून, मग उजवीकडून. ढकलायचं नाही. दाब आला की तिनं स्वतःला सावरायचं, एवढंच. पोटाचे आणि पाठीच्या कण्याजवळचे जे खोलातले स्नायू आहेत ते यात कामाला लागतात. पुढं पुढं एक पाय जमिनीपासून दोन बोटं उचलून धरायचा आणि उरलेल्या तिघांना भार वाटून घेऊ द्यायचा. डावा मागचा टेकलेला ठेवून उजवा मागचा उचलला, की हरणी माझ्या हातावरच वजन टाकायला बघते. चतुर आहे. हात थोडा सैल सोडला की नाइलाजानं डाव्यावर येते.

बसून उठणं हा व्यायाम सगळीकडे सांगितलेला असतो, माणसाच्या उठाबशांचाच प्रकार. पण कारवान्याला बसायला सांगून बघा! लांब पाय, भरलेल्या मांड्या, त्यांना ढुंगण टेकवायचं जिवावर येतं. बसलंच तर पंज्यांवर अर्धवट तरंगत बसतं. शिवाय हरणी बसताना डावा पाय बाजूला फेकते, आणि वाकडं बसून वाकडं उठण्यात दुखऱ्या बाजूला काहीच काम पडत नाही. तेव्हा आम्ही तिला आडवं झाल्यावरून उठायला लावतो, तेही मॅटवर, जवळ भिंत ठेवून, म्हणजे पाय बाहेर पडायला जागाच राहत नाही. व्यायामाचं पुस्तकी नाव काही का असेना, समोरच्या कुत्र्याचं अंग कसं बनलंय ते आधी बघावं.

माझा सगळ्यात आवडता व्यायाम पाटावरचा. घरात जेवायच्या पंगतीचे जुने सागवानी पाट होते, आता पंगत बसते कुठं? एका पाटाच्या खाली आणि वर रबर चिकटवलं. पुढचे दोन पंजे पाटावर, मागचे जमिनीवर. एवढ्या उंचीनंसुद्धा वजन मागं सरकतं. इथवर सोपं. मग पुढचे पंजे पाटावर ठेवूनच मागच्या पायांनी पाटाभोवती फिरायचं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आणि मग उलटं. हे जे आहे ना, हे कुत्र्याला मुळीच माहीत नसतं. कुत्रं जगतं ते नाकानं आणि पुढच्या पायांनी. मागचं अंग आपलं फरफटत मागून येतं. मी तिच्या खांद्याजवळ उभी राहून तिच्याकडं एक पाऊल टाकलं की तिनं मागचं अंग माझ्यापासून दूर न्यायला हवं. ती पाट सोडून उतरायची, पाटावर चारही पाय ठेवायची, पाट चाटायची. कधी नुसतीच माझ्याकडं बघत राहायची, हिला नेमकं काय पाहिजे म्हणून. आणि एक दिवस संध्याकाळी डावा मागचा पाय उचलला, हवेत क्षणभर थांबला, आणि उजव्याच्या पुढून आडवा जाऊन जमिनीवर टेकला. हरणीनं मान वळवून मागं बघितलं. मला हसू आवरेना. नऊ वर्षं हे पाय तिच्यासोबत होते.

शेजारचे काका हे सगळं त्यांच्या गॅलरीतून बघायचे. काका मूळचे कसब्यातलेच, तरुणपणी गड्ड्याच्या वेळी नंदीध्वज धरायचे. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते: संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, सात मानाचे नंदीध्वज निघतात, शहरातल्या ६८ लिंगांना फेरी होते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंच, जड, सजवलेली काठी उभी धरून गर्दीतून चालतात. त्यासाठी कित्येक आठवडे आधी सराव सुरू होतो. रात्री गल्लीगल्लीतून साध्या काठ्या घेऊन सरावाला निघालेली माणसं दिसतात.

"काय करायलीस गं तिला? उगी उभारून ठेवलीस," काका एकदा म्हणाले.

मी सांगितलं, ताकदीचा व्यायाम आहे.

काका हसतील असं वाटलं होतं. ते कठड्यावर रेलले. "चालायला काय, कुणीबी चालतंय. पुढं गर्दी थांबली, काठी धरून जाग्यावर उभारायची पाळी आली की मांड्या बोलायला लागतात. नवीन पोरं हातानं काठी धरायला बघतात. हातात काय नसतंय. सगळं कमरेत अन् पावलात." मग थोडं थांबून म्हणाले, "तिची कंबर डावीकडं पडायलीय बघ."

खरंच पडत होती. मी समोरून बघत होते, त्यांना वरून दिसत होतं. तेव्हापासून मी फोन गॅलरीत उंचावर ठेवून वरून चित्रण करते. पाठीचा कणा सरळ आहे की वाकलाय, हे बाजूनं कधीच कळत नाही. काठी तोलणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते कुत्र्याच्या व्यायामाला जसंच्या तसं लागू पडतं, अगदी सरावाच्या पद्धतीपर्यंत. पहिल्या दिवशी कुणी सजवलेली काठी उचलत नाही. आधी हलकी, मग जड, थकल्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायची. ताकदीच्या व्यायामाला कुत्र्यालाही एक दिवस आड विश्रांती लागते, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत जो फरक दिसतो तो मांडी भरल्याचा नसतोच. मेंदू आणि पाय यांचं बोलणं सुरू झालेलं असतं. मांडीचा घेर वाढायला दीड-दोन महिने तरी जातात. शिंप्याच्या टेपनं तो मोजता येतो. फक्त दर वेळी तीच जागा, तीच उभं राहण्याची पद्धत आणि मोजणारा माणूसही तोच हवा. आमच्याकडं मी मोजते. आईनं मोजलं की मांडी दर वेळी भरलेलीच निघते.

खाण्यावरून मात्र आमच्या घरी महाभारत. बक्षिसाशिवाय व्यायाम नाही आणि बक्षिसानं वजन वाढतं. माझा नियम असा की व्यायामाचे तुकडे दिवसाच्या खाण्यातूनच वजा व्हायचे. आईचा नियम असा की व्यायाम केला म्हणजे भूक लागली असणार. कडक भाकरीचा तुकडा, दुधात भिजवलेली भाकरी, वर साय. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि सांध्यांची झीजही त्यांना उशिरा भोवली. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उपाशी ठेवून मिळालेली दोन वर्षं काय कामाची?" यावर माझ्याकडं उत्तर आहे, पण ते ऐकून घेणारं कुणी नाही. शेवटी बरगड्यांवर तह झाला. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. लागेनाशा झाल्या की साय बंद. आणि शेंगाची चटणी कुत्र्याला अजिबात नाही, त्यात लसूण असतो. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नासवतात. भाकरीला चटणीचा हात लागलेला असला तरी मी तो तुकडा देऊ देत नाही.

काठ्या ओलांडणं आम्ही सगळ्यात शेवटी सुरू केलं. याला कॅव्हालेटी म्हणतात, घोड्यांच्या शाळेतून कुत्र्यांकडं आलेली गोष्ट. जमिनीवर ओळीनं आडव्या काठ्या ठेवायच्या आणि कुत्र्यानं एकेक पाय उचलून त्यांतून संथ चालायचं. दोन काठ्यांमधलं अंतर साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतकं, मग त्याची चाल बघून कमी-जास्त. नळाचे पीव्हीसी पाइप आणले. सुरुवातीला ते जमिनीवरच, मग बोटभर उंच, उपड्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांवर. बांधायचे नाहीत. पाय लागला तर पाइप खाली पडला पाहिजे, कुत्रं नव्हे. आणि उंची मागच्या पायाच्या घोट्यापेक्षा वर कधीच नाही. वर गेली की कुत्रं उडी मारतं, आणि उडी मारली की मागचे पाय पुन्हा जोडीनं उठतात. जे मोडायचं तेच पक्कं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी हे बघून त्यांच्या लॅब्राडॉरच्या पिल्लासाठी गच्चीत अडथळ्यांची शर्यत मांडली होती, खुर्च्यांवर काठ्या ठेवून. ती मी तत्काळ मोडायला लावली, मुलं अजून माझ्याशी फुगून आहेत. पिल्लाच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा भाग असतो. तो मिटायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, थोराड जातींत दीड वर्षही. तोवर उंच उड्या, जिन्यावरून धावणं, गाडीमागं पळवणं, सगळं त्या मऊ हाडांवर येतं. जमिनीवर ठेवलेल्या काठ्या, पाट, वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चालणं, हे पिल्लांनाही चालतं आणि त्यांना त्यात मजाही येते.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेल्यावर व्यायाम कसला. कुत्र्याला घाम फुटतो तो फक्त पंज्यांच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या घरात असतं, म्हणजे आपल्याला ज्याला ताप म्हणायचा मोह होतो ते. सकाळी सहाच्या आत बाहेरचं फिरणं उरकायचं, संध्याकाळी डांबर निवेपर्यंत थांबायचं. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून धरवत नसेल, तर तिच्या पंज्यांनाही ते धरवत नाही. त्या दिवसांत आम्ही पार्किंगच्या उताराचा व्यायाम बंद ठेवतो. एरवी तो उतार फार कामाचा: चढताना वजन मागच्या पायांवर येतं, म्हणून चढ संथ चढवायचा, उतरताना ते पुढं येतं, म्हणून नागमोडी, सावकाश उतरवायचं. कूलर लावलेल्या खोलीत मात्र उभं राहणं आणि मागं चालणं चालू असतं. दिवाण आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी बोळ मागं चालण्यासाठी उत्तम, इकडंतिकडं वळायला जागाच नाही.

खुब्यातली झीज भरून आलेली नाही, येणारही नाही. थंडीत सकाळी ती अजून अवघडते आणि तेव्हा पोटाखालून टॉवेलची झोळी करून तिला जिना उतरवावा लागतो. सोलापुरी टेरी टॉवेल याला झकास, पकड चांगली आणि पोटाला रुतत नाही. पण दुपारपर्यंत ती पाण्याच्या भांड्यापासून वळताना मागचे पाय वेगवेगळे उचलते. नखांची पुढची बाजू पुन्हा गोल व्हायला लागलीय. डॉक्टरांनी परवा पंजा उलटा केला तेव्हा डावा उजव्याच्याच वेगानं सरळ झाला. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा एकदा करून बघितला.

सध्या घरात वाद पाइपांवरून आहे. हरणी सगळे पाइप आता न बघता ओलांडते, त्यामुळे आईला ते आणखी उंच हवेत. मी म्हणते उंची वाढवायची नाही. हो-नाही करता करता आई म्हणाली, "मग एखादा तिरका टाक की. रोज तीच वाट, ती कशाला लक्ष देईल?" मुद्दा बिनतोड होता. तिसरा पाइप तिरका केला. हरणी नेहमीच्या तोऱ्यात आली, पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला मागचा डावा असा काही लागला की पाइप खडखडत दारापर्यंत गेला. गॅलरीतून काकांचा आवाज आला, "काय पाडलीस गं?" हरणी वळून पाइपाकडं बघत होती. आई म्हणाली, "लाव परत. आणि या वेळी चिकन मी धरते."